अर्जावरची सही



नववीत शाळा सुटलेल्या माणसाला शाळांच्या विषयावर बोलायला उभे करणे हे चालकांचे धाडसच म्हटले पाहिजे. माझ्या बाजूने एवढेच सांगता येईल, की सरकारदरबारचे अर्ज हा माझा नित्याचा विषय आहे. कामगार संघटनेच्या कामात गेली तीस वर्षे मी जितके अर्ज लिहिले, तितकी पत्रे घरच्यांनाही लिहिली नसतील. त्यातून एक खोड जडली. कोणताही कायदा हाती आला म्हणजे त्याची प्रस्तावना आणि उद्देश मी मागाहून वाचतो. आधी पाहतो ते हे, की अर्ज कोणी करायचा, त्यावर सह्या कोणाच्या लागतात, तो कोणाच्या टेबलावर जातो आणि तेथे नाकारला गेला तर पुढे कोणाचे दार ठोठवायचे. अमेरिकेतल्या ज्या शाळांची हकीगत आज सांगणार आहे, ती मी याच खोडीने वाचली आहे. ती जशी शाळांची हकीगत आहे तशी आमच्या संघटनांचीही आहे, म्हणून तिच्यात माझा जीव अडकला.

तिकडे या शाळांना ‘चार्टर स्कूल’ म्हणतात. चार्टर म्हणजे सनद. हा शब्द आपल्याला परका नाही. ईस्ट इंडिया कंपनीची सनद पार्लमेंट वीस वीस वर्षांनी वाढवून देई, आणि १८१३ च्या सनदेत हिंदुस्थानातील लोकांच्या शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला काढण्याचे कलम आले, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. तेव्हा आपण त्यांना सनदी शाळा म्हणू. सनदी शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, तिला मुले निवडून घेता येत नाहीत. पण स्कूल बोर्डाच्या रोजच्या हुकमतीतून ती मोकळी असते. अमुक वर्षांत मुलांना अमुक शिकवू, असा करार ती करते, आणि मुदत भरली की करार पुन्हा तपासला जातो. शिक्षण हा तिकडे मुख्यतः राज्यांचा विषय आहे आणि गावोगावची स्कूल बोर्डे बहुधा लोकांनी निवडून दिलेली असतात. त्यामुळे सनद कोणी मागावी व कोणी द्यावी याचा कायदा प्रत्येक राज्यात निराळा आहे. सगळ्यांची जंत्री मी देत बसणार नाही. मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांपुरतेच बोलेन.

सनदी शाळेची कल्पना कोणाची, असे आज अमेरिकेत विचाराल तर बाजारपेठेचे भक्त, मोठाल्या देणग्या देणारे धनिक, खाजगीकरणवाले यांच्याकडे लोक बोट दाखवतील. मूळ तसे नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले एक प्राध्यापक रे बडी यांनी १९७४ साली एका निबंधात सुचवले होते, की बोर्डाने शिक्षकांच्या गटांनाच सनदा द्याव्यात. तो निबंध तसाच पडून राहिला. त्याला वाचा फोडली ती आल्बर्ट शँकर यांनी, आणि शँकर हे अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या शिक्षकांच्या कामगार संघटनेचे अध्यक्ष होते.

हा गृहस्थ जाणून घेण्यासारखा आहे. आडनावावरून फसू नका, आपल्याकडचे शंकर नव्हेत. १९२८ चा जन्म, आईबाप पोलंडकडून आलेले गरीब ज्यू, बाप वर्तमानपत्रे पोचवी, आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करी आणि संघटनेची सभासद होती. शँकर न्यूयॉर्कमध्ये शिक्षक झाले आणि संपाबद्दल १९६७ साली तुरुंगातही गेले. पण त्यांची दुसरी बाजू लपवण्याचे कारण नाही. १९६८ साली न्यूयॉर्कच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या बहुतांशी काळ्या वस्तीत, शाळांचा कारभार वस्तीच्या हाती देण्याचा प्रयोग चालू होता. तेथल्या स्थानिक मंडळाने काही शिक्षकांना दुसरीकडे जाण्याची पत्रे दिली. शँकर यांनी शहरभर शाळा बंद पाडल्या. त्या शरदात छत्तीस दिवस शाळा बुडाली. काळे पालक एका बाजूला आणि बहुतांशी गोरे शिक्षक दुसऱ्या बाजूला, अशी फूट पडली. शाळेत शब्द कोणाचा चालावा, शिकवणाऱ्याचा की ज्याचे मूल शिकते त्याचा, हा प्रश्न त्या संपात उघडा पडला, आणि पुढच्या सगळ्या कायद्यांत तो पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

वीस वर्षांनी, ३१ मार्च १९८८ रोजी, याच शँकर यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये भाषण केले. त्यापूर्वी ते जर्मनीत कोलोन शहरातली एक शाळा पाहून आले होते. तेथे शिक्षकांचे लहान गट तीच मुले वर्षानुवर्षे सांभाळत आणि आपला कारभार आपण ठरवत. शँकर म्हणाले, आपल्याकडेही सहा किंवा अधिक शिक्षकांनी एकत्र येऊन अर्ज करावा. बोर्ड आणि संघटना यांच्या संयुक्त मंडळाने तो तपासावा. मंजूर झाला तर त्यांना काही वर्षे निर्वेधपणे शाळा चालवू द्यावी. मुले निवडक नसावीत, पालकांची संमती असावी. माझ्या खोडीप्रमाणे पाहिले तर अर्जदार शिक्षक, सही शिक्षकाची, आणि मंजुरीच्या टेबलावर निम्मा माणूस संघटनेचा. त्याच उन्हाळ्यात त्यांनी या शाळांना बडी यांचा ‘चार्टर’ हा शब्द लावला.

हे वाचताना मला पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल आठवले. १८८० साली चिपळूणकर, टिळक वगैरे तरुण शिक्षकांनी स्वतःच उभे केलेले, तुटपुंज्या वेतनावर चालवलेले. शिकवणाऱ्यांनीच शाळेचे धनी व्हावे ही ऊर्मी काही एकट्या अमेरिकेची नाही.

आता कायद्याकडे येऊ. मिनेसोटाच्या सिनेटर एम्बर राइकगॉट यांनी शँकर यांचे विचार एका परिषदेत ऐकले आणि १९९१ साली देशातला पहिला सनदी शाळांचा कायदा तेथे झाला. सबंध राज्यात आठच शाळा. अर्ज आधी गावच्या बोर्डाने मंजूर करायचा आणि वर राज्याच्या मंडळाने. शिक्षक सरकारमान्य परवान्याचेच हवेत. आणि शाळेच्या कार्यकारी मंडळात बहुमत त्या शाळेतल्या शिक्षकांचे हवे. हे शेवटचे कलम म्हणजे शँकर यांच्या कल्पनेचा प्राण. गंमत अशी, की या विधेयकाला राज्यातल्या शिक्षक संघटनांनी कडाडून विरोध केला. त्यांच्याच देशपातळीच्या पुढाऱ्याची कल्पना, आणि त्यांचाच विरोध! मला याचे नवल वाटले नाही. दिल्लीच्या अधिवेशनात टाळ्या वाजवून मंजूर केलेला ठराव गावी आला की आमच्याही शाखा त्याच्याकडे संशयाने पाहतात. बोर्डाशी वर्षानुवर्षे भांडून मिळवलेला करार जेथे लागू नाही अशी शाळा, म्हणजे भिंतीला पाडलेले भोक, हे त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण नुसता विरोध करून त्या बाहेर राहिल्या, आणि खोली दुसऱ्यांनी भरली. १९९२ साली सेंट पॉल येथे सिटी अकॅडमी ही पहिली सनदी शाळा उघडली. शिक्षकांनी काढलेली, शाळा सोडून दिलेल्या तीस-पस्तीस मुलांची.

ते शिक्षक-बहुमताचे कलम २००९ पर्यंत टिकले. त्या वर्षी मिनेसोटाने कायद्याची मांडणी बदलली. एक शिक्षक, एक पालक, एक गावकरी असले म्हणजे पुरे, असे ठरले. त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. सनदा देणाऱ्या संस्थांनाच राज्याच्या शिक्षण आयुक्ताकडे अर्ज करून आधी स्वतःची मान्यता मिळवणे भाग पडले. त्यापूर्वी सनद देऊन मोकळे होणारे आणि मग शाळेकडे ढुंकूनही न पाहणारे अनेक होते, त्याला हा लगाम. हे मात्र शहाणपणाचे झाले.

कॅलिफोर्नियाची कथा अधिक खडतर आहे. तेथे १९९२ साली दुसरा कायदा झाला. त्याचे कर्ते सिनेटर गॅरी हार्ट. अध्यक्षपदाला उभे राहिलेले प्रसिद्ध हार्ट निराळे. पालकांच्या हाती सरकारी हुंडी देऊन त्यांना वाटेल त्या खाजगी शाळेत जाऊ द्यावे, अशी चळवळ तेव्हा जोरात होती. ती लाट अडवायची तर सरकारी शाळांच्या आतच काही मोकळीक दिली पाहिजे, असा विधिमंडळातल्या पुष्कळांचा हिशेब होता. हुंडीचा प्रस्ताव १९९३ साली मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला; सनदी शाळा राहिल्या.

१९९२ च्या त्या कायद्यात अर्जावर सह्या लागत त्या शिक्षकांच्या: बोर्डाच्या सर्व शिक्षकांपैकी निदान १० टक्के, किंवा एखाद्या शाळेतले निदान निम्मे. राज्यभरात शंभर शाळांची मर्यादा. हा १० टक्क्यांचा आकडा वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आपल्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याप्रमाणे संघटना नोंदवायला सात सह्या पुरत. २००१ च्या दुरुस्तीने ते बदलले आणि त्या आस्थापनातले १० टक्के किंवा शंभर, यांपैकी जे कमी असेल तितके कामगार सभासद हवेत, असे झाले. कागदावर हे लहानसे दिसते. आमच्या भागातल्या एका कारखान्यात मी त्या सह्या गोळा केल्या आहेत. नोंदणी पदरात पडण्याआधी नावांची यादी वरच्या मजल्यावर पोचली आणि पहिल्या पानावरचे अकरा जण महिन्याभरात लांबच्या गोदामांवर बदलले गेले. सही म्हणजे नुसती शाई नसते. सही करणारा उद्या त्याच दारातून कामावर जाणार असतो. कॅलिफोर्नियातल्या शिक्षकांचेही तेच. आपल्याच बोर्डाविरुद्ध जाणाऱ्या अर्जावर सही करायला किती जण पुढे येणार?

तेव्हा सनदी शाळांच्या चाहत्यांची तक्रार अशी, की या अटीमुळे चांगले अर्जही अडतात, आणि ज्या बोर्डाची स्पर्धा करायची त्याच्याच मेहेरबानीवर सनद अवलंबून राहते. १९९८ साली त्यांनी डाव टाकला. रीड हेस्टिंग्ज हे संगणक-व्यवसायातले धनिक आणि डॉन शाल्व्ही हे शाळा-अधिकारी यांनी जनमताच्या प्रस्तावासाठी दहा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्या जमवल्या. ते मतदानाला गेले असते तर सगळेच बदलले असते, म्हणून विधिमंडळाने घाईघाईने तडजोडीचा कायदा केला आणि प्रस्ताव मागे घेतला गेला.

या कायद्याने अर्जाची चारही ठिकाणे हलली. सह्या आता पालकांच्या ‘किंवा’ शिक्षकांच्या: पहिल्या वर्षी जितकी मुले येतील असा अंदाज, त्याच्या निम्म्या संख्येइतके पालक, नाहीतर जितके शिक्षक नेमायचे त्याच्या निम्मे. म्हणजे शिक्षकाच्या सहीवाचूनही अर्ज पुरा होऊ लागला. चालू सरकारी शाळेचे सनदी शाळेत रूपांतर करायचे असेल तेवढ्यापुरती तेथल्या निम्म्या कायम शिक्षकांची सही राहिली. बोर्डाने नकार द्यायचा तर कायद्यात मोजून दिलेल्या कारणांसाठीच, तीही लेखी. बोर्डाने नाकारले तर काउंटीकडे, तिने नाकारले तर राज्याच्या मंडळाकडे, आणि वर गेल्यावर सगळे प्रकरण पहिल्यापासून. मर्यादा शंभराची अडीचशे झाली आणि दरवर्षी आणखी शंभरांनी वाढत जाणार. वीस वर्षांत कॅलिफोर्नियात सुमारे तेराशे सनदी शाळा झाल्या; राज्यातल्या दहा मुलांपैकी एक मूल त्यांत गेले.

ज्या कारणांसाठी नकार देता येई, त्यांत पैशाचे कारण नव्हते. हे जरा उलगडून सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा लढा याच्यावर झाला. तेथे राज्याचा पैसा मुलाच्या हजेरीमागे येतो. बोर्डाच्या शाळांतून शंभर मुले सनदी शाळेत गेली तर शंभर मुलांचा पैसा गेला. पण ती शंभर मुले एका वर्गातून उठून जात नाहीत. या शाळेतली चार, त्या शाळेतली सहा, अशी जातात. वर्ग तोच, मास्तर तोच, दिवा तोच, बस तीच, निवृत्त शिक्षकांचे पेन्शन तेच. यंत्रमागाच्या धंद्यातल्या मंडळींना हे चटकन कळेल: चोविसांतले चार माग बंद पडले म्हणून शेडचे भाडे कमी होत नाही. ओकलंड शहरात हा भुर्दंड वर्षाला ५ कोटी ७३ लाख डॉलरांचा आहे, असे २०१८ च्या एका अभ्यासाने काढले. तो अभ्यास संघटनांच्या बाजूचा होता आणि सनदी शाळावाल्यांनी तो मानला नाही. पण भुर्दंड पडतो याबद्दल वाद नव्हता, किती हाच वाद. तरीही, तुमची शाळा चांगली असेल पण आमचे दिवाळे निघेल, असे म्हणून अर्ज नाकारण्याची मुभा बोर्डाला नव्हती.

भरीस भर, देखरेखीबद्दल सनदी शाळेच्या उत्पन्नाचा एक टक्का सनद देणाऱ्या बोर्डाला मिळे. काही आडबाजूच्या, पैशाने गांजलेल्या लहान बोर्डांनी यातून धंदाच मांडला. शाळा दुसऱ्याच्या हद्दीत, सनद यांची, टक्का यांना. २०१९ च्या मे महिन्यात सॅन डिएगोमध्ये अकरा जणांवर आरोप ठेवले गेले. घरबसल्या शिकवण्याच्या नावाने चालणाऱ्या सनदी शाळांच्या एका जाळ्यातून सुमारे ५ कोटी डॉलर सरकारी पैसा वळवल्याचा तो खटला होता, आणि सूत्रधारांनी पुढे २०२१ साली गुन्हा कबूल केला.

त्याच वर्षी जानेवारीत लॉस एंजेलिसचे तीस हजारांहून अधिक शिक्षक संपावर गेले होते. १४ तारखेपासून शाळेचे सहा दिवस, भर पावसात, छत्र्या घेऊन. मागण्यांत पगार होताच. पण पुढे होते ते वर्गातल्या मुलांची संख्या कमी करणे, प्रत्येक शाळेला नर्स, ग्रंथपाल. कोणा पालकाला हे नको आहे? १९६८ साली जी फूट पडली होती ती येथे संघटनेने टाळली; पुष्कळ पालक मुलांना घेऊन संपाच्या रांगेत आले. आणि समझोत्यात एक कलम होते: नव्या सनदी शाळा थांबवून त्यांचा परिणाम अभ्यासावा, अशी विनंती बोर्डाने राज्याला करावी. संपाच्या समझोत्यात असे कलम मिळवणे हे कसब आहे, आणि ते मी मनापासून वाखाणतो. पुढच्याच महिन्यात ओकलंडचे शिक्षक संपावर गेले.

यातून जो कायदा निघाला तो विधेयक क्रमांक १५०५. मांडणारे पॅट्रिक ओडॉनेल पूर्वी शिक्षक होते. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ३ ऑक्टोबर २०१९ रोजी सही केली आणि बहुतेक तरतुदी १ जुलै २०२० पासून लागू झाल्या. मूळ मसुद्यात वरच्या दोन्ही पायऱ्या काढून टाकून बोर्डाचा शब्द शेवटचा करायचे होते. तडजोडीत पायऱ्या राहिल्या, पण अरुंद झाल्या. आता नवी शाळा सबंध गावाच्या हिताची आहे का, चालू शाळांचे तिच्यामुळे काय होईल, हे बोर्डाने पाहावे. बोर्ड दिवाळखोरीच्या काठावर असेल तर त्या कारणानेही नाकारावे. अर्जदाराने कार्यकारी मंडळावरच्या माणसांची नावे आणि पात्रता आधीच द्यावी. वर दाद मागताना अर्जात महत्त्वाचा फेरफार केला तर तो पुन्हा खाली धाडावा. आणि राज्याच्या मंडळाने प्रकरण पहिल्यापासून न चालवता, खालच्यांनी अधिकाराचा गैरवापर केला काय, एवढेच पाहावे. शिक्षक परवानाधारकच हवेत, हेही ठरले. हद्दीबाहेरच्या शाळांची पळवाट त्याच दिवशी सही झालेल्या दुसऱ्या कायद्याने बुजवली.

आमच्या बाजूची जीत म्हणून मी हे सांगून खाली बसू शकलो असतो. पण सॅक्रमेंटोच्या विधिमंडळासमोर त्या वर्षी दोन मोर्चे येत होते. एक शिक्षकांचा, दुसरा सनदी शाळांच्या पालकांचा, आणि त्यात काळ्या आणि मेक्सिकन वस्त्यांतल्या आया होत्या. ज्यांच्या मुलांना बोर्डाच्या शाळेने वर्षानुवर्षे वाचायलाही नीट शिकवले नव्हते, त्या विचारत होत्या, की आमच्या गल्लीत एक बरी शाळा निघाली ती तुम्हाला का खुपते? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात लॉस एंजेलिसच्या सनदी शाळांतली मुले वाचनात आणि गणितात बरोबरीच्या मुलांपेक्षा पुढे दिसली होती. या आयांना भांडवलदारांच्या हस्तक म्हणणारे भाषण मी ऐकले असते तर मला लाज वाटली असती. कारखान्यातून काढलेल्या माणसाला, थांब, आधी सबंध धंद्याचा विचार करू, असे सांगून पाहा.

दुसरी गोष्ट जास्त झोंबणारी आहे. न्यूयॉर्कच्या शिक्षक संघटनेने, शँकर यांच्याच संघटनेने, २००५ साली ब्रुकलिनमध्ये स्वतः सनद मागून शाळा काढली. आम्ही चालवून दाखवतो, असा तो पैजेचा विडा होता. दहा वर्षे चालवून २०१५ मध्ये खालचे आणि मधले वर्ग संघटनेने आपण होऊन बंद केले. निकाल चांगले नव्हते. हायस्कूल तेवढे पुढे चालले. शिक्षकांच्या हाती कारभार दिला की सगळे साधते, असे यातून निघत नाही. आणि एका शाळेवरून उलटही निघत नाही. शँकर यांना हे पाहावे लागले नाही. आपली कल्पना कंपन्यांच्या हाती जाताना मात्र त्यांनी पाहिली, तिच्यावर कडवट टीका केली आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये ते वारले.

२०१९ च्या कायद्याची खरी कसोटी सनदांच्या नूतनीकरणाच्या वेळी लागायची होती, कारण शाळांचे उत्तम, मध्यम, कनिष्ठ असे गट पाडून मुदती ठरवायच्या होत्या. तोच करोनाची साथ आली, परीक्षा बंद पडल्या, गट कशावरून पाडणार? २०२१ साली चालू सनदांना दोन वर्षे आणि २०२३ साली आणखी एक वर्ष वाढवून द्यावे लागले.

माझ्या चार ठिकाणांपैकी तीन या कायद्याने हलवली. बोर्डाला नाही म्हणण्याची ताकद परत मिळाली, वरची दारे अरुंद झाली, अर्जदाराला तोंड दाखवावे लागले. सह्यांचे कलम मात्र चाळून पाहा. तीस हजार शिक्षक पावसात उभे राहिले, पण अर्जावर शिक्षकाची सही हवीच, ही १९९२ ची अट परत मागितली गेली नाही. दुसऱ्याचा अर्ज नाकारला कसा जाईल एवढे पाहिले गेले. आपण सहा जणांनी अर्ज करावा, हे कोणाच्या मनात आले नाही. नवी शाळा काढू पाहणाऱ्याला कॅलिफोर्नियात आजही निम्मे पालक किंवा निम्मे शिक्षक चालतात. १९९८ चा तो ‘किंवा’ तसाच आहे.